‘डोंगरची सून’चा शेवट

दादा,

तुझ्या तेराव्याला जेवून उठलेली माणसं शहापूरच्या आपल्या ओटीवर पान जमवत बसली आणि थोड्या वेळानं तुझ्या बोलपटातली गाणी गुणगुणायला लागली. एकानं चाल धरली, दुसऱ्यानं मांडीवर ठेका. मी आत पत्रावळी उचलत होते. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, तुझी आठवणच काढत होते बिचारे. पण मला वाटलं, बाहेर जावं आणि सांगावं, ती गाणी माझ्या भावाची नव्हेत. त्याचा सिनेमा मुका होता. गेले नाही. गेले असते तर म्हणाले असते, यमुनाबाईंना दुःखानं भान राहिलं नाही.

मुरबाडला परत येऊन शाळेत रुजू झाले. मुलींकडून पाढे म्हणून घेते आणि मनातल्या मनात तुझ्याशी भांडते. पाढा अर्ध्यावर राहतो, मुली थांबून माझ्याकडे बघतात. आपलं शेवटचं भांडण तू असं टाकून गेलास की मला ते जिंकताही येत नाही आणि हरताही येत नाही. मागच्या पडवीत तुझं मेज आहे तसंच ठेवलंय. फीत जोडायच्या औषधाचा तो पिकलेल्या केळ्यांसारखा वास अजून गेलेला नाही. मेजावर तू फितीचे दोन तुकडे काढून ठेवले होतेस, एक जुना आणि एक नवा. नवा जोडायचा की जागा रिकामी ठेवायची, एवढंच ठरायचं होतं.

तुला सगळं ठाऊक आहे. तरी मला पहिल्यापासून सांगू दे. तू मध्ये बोलणार नाहीस, अशी ही पहिलीच वेळ.

माझं लग्न होऊन वर्ष पुरं व्हायच्या आत माझा नवरा गेला आणि मी माहेरी आले. मग सासरे न्यायला आले. घरात बाईमाणूस नाही, पोरीला पाठवा, म्हणाले. बाबा तयार होते. मी माजघराच्या दारातून म्हटलं, “मी यायची नाही.” मुंबईहून सुट्टीला आलेला तू अंगणात पाहुण्यांच्या बैलांना पाणी दाखवत उभा होतास, आमच्याकडे पाठ करून. माझ्या बाजूनं तू बोलला नाहीस. विरुद्धही बोलला नाहीस. सासरे गेले. पुढं बाबांना पटवून मला पुण्याला शिक्षिकेच्या शिक्षणाला धाडलंस तो तूच. आज चार मुली मला ‘बाई’ म्हणतात ते तुझ्यामुळं, हे मी कधी विसरले नाही. आणि ती पाठही कधी विसरले नाही.

तू तेव्हा मुंबईत एका सिनेमा कंपनीत कॅमेऱ्याचं काम शिकत होतास. कंपनी बुडाली, तसा एक जुना कॅमेरा घेऊन गावी आलास आणि माहुली गडाच्या पायथ्याशी स्वतःचा मूकपट काढायचा म्हणून हटून बसलास. गोष्ट तुझीच होती. एका सुनेवर सासरा भात चोरल्याचा आळ घेतो आणि तिला घराबाहेर काढतो. ती डोंगरात मोळ्या विकून राहते. मग खरा चोर सापडतो, सासरा तिला न्यायला येतो, हात जोडतो आणि ती त्याच्यामागून घरी परत जाते. हा शेवट तू मला वाचून दाखवलास तेव्हा मी फक्त “बरं आहे” म्हटलं. सासरे येऊन गेले त्याला तेव्हा फार दिवस झाले नव्हते.

मुंबईची नटी दगडधोंड्यांतून अनवाणी चालायला तयार होईना. म्हणून तू वेशीबाहेरच्या पाड्यावरच्या रखमाला उभी केलीस. ती रोज मोळी घेऊन आपल्या दारावरून जायची. तीही सासरी नांदत नव्हती. का, ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं. सासरा झाला नाना, तंबूचा सिनेमा घेऊन गावोगाव फिरणारा आपला नाना, कापसाची दाढी चिकटवून.

शेवटच्या दिवशी मी छत्री धरून कॅमेऱ्याजवळ होते.

“रखमे, यानं हात जोडले की मोळी खाली टाक, पदर सावर आणि याच्यामागं चालू लाग,” तू म्हणालास.

“कशाला?”

“अगं, तो न्यायला आलाय ना तुला.”

“चोरीचा आळ घेतला, भर पावसात घरातनं काढली. आन् आता हात जोडले की झालं?”

“सिनेमा आहे गो हा.”

“शिनेमा तुमचा, दादा. चालायचं तर मलाच हाय ना?”

तू हसलास आणि कॅमेऱ्याचा दांडा फिरवायला लागलास. तुला वाटलं, वेळ आली की करील सांगितल्याप्रमाणं. नानानं हात जोडले. रखमा त्याच्याकडे बघत राहिली, बराच वेळ. मग तिनं डोक्यावरची मोळी नीट केली, पाठ फिरवली आणि वर चालू लागली. मला वाटलं, तू आता ओरडशील. तू ओरडला नाहीस. कारवीच्या झुडपांत ती दिसेनाशी होईपर्यंत तू फिरवत राहिलास. नाना तिथंच उभा. “आता मी काय करू? हात सोडू का?” त्यानं दाढीतून विचारलं.

तू म्हणालास, “राहू दे. हेच राहू दे.” आणि कॅमेऱ्यावरून मान वळवून माझ्याकडे बघितलंस. त्या नजरेत काय होतं ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं, असं आता दिवसातून दहादा वाटतं.

मुरबाडला नानाच्या तंबूत ‘डोंगरची सून’ लागला. बायकांना पडद्यावरच्या पाट्या वाचता येत नव्हत्या, म्हणून तू मला पडद्याशेजारी बसवलंस आणि मी त्या मोठ्यानं वाचल्या. शेवटाला एकही पाटी नव्हती. मी गप्प, तंबू गप्प. बाहेर पडताना मात्र बायकांची जुंपली. “बरं झालं गेली ती,” एक म्हणाली. “शहाणी असती तर आली असती घरी, म्हातारा हात जोडत होता,” दुसरी म्हणाली. बैलगाड्या जुंपेपर्यंत त्या भांडत होत्या. तू खांबाला टेकून ऐकत होतास. इतका सुखी मी तुला पुन्हा कधी पाहिला नाही.

मग बोलपट आले. मुका सिनेमा बघायला कुणी फिरकेना. ‘डोंगरची सून’ डब्यात पडला. तेव्हा मुंबईचे एक शेठ म्हणाले, गाणी घाला, आवाज घाला, शेवट गोड करा, मी चालवून दाखवतो. तू हो म्हणालास आणि मला सांगायला मुद्दाम मुरबाडला आलास.

“यमे, मी काही बदलत नाही,” तू म्हणालास. “मी लिहिलेल्या कागदावर ती परतच येते. मी मूळपदावर आणतोय.”

“मूळ कागदावर नव्हतं, दादा. माहुलीच्या उतारावर होतं.”

“ती चूक होती. रखमानं ऐकलं नाही, म्हणून तसं झालं.”

“आणि तू ‘राहू दे’ म्हणालास, ते?”

तू चहाची बशी खाली ठेवलीस. “मूकपट आता कोण बघतो ते सांग. डब्यात सडेल, नाहीतर एक दिवस वितळून बांगड्या व्हायला बांगडीवाल्याच्या भट्टीत जाईल. त्यापेक्षा अर्धा तरी जगू दे की.”

तुझ्या बोलण्यात खोट नव्हती, तोच तर त्रास होता. मेलेलं मूल कवटाळून बसायचं, की त्याला दुसऱ्याचे हातपाय जोडून चालतं करायचं? तू मूळ फीतच कापलीस. रखमाच्या जागी मुंबईची एक बाई तेच लुगडं नेसून पाठमोरी उभी राहिली, वळली आणि सासऱ्याच्या पायांवर पडली. वर गाणं. माझ्या पाट्या गेल्या, त्यांच्या जागी कुणाचा तरी गोड आवाज आला. तेवढं मी सोसलं.

म्हसाच्या जत्रेत तो लागला तेव्हा रखमा पाड्यावरच्या सगळ्यांना घेऊन आली होती. स्वतःच्या तोंडून शुद्ध बोलणं ऐकून ती आधी खूप हसली. “माझ्या तोंडात ही कुणाची जीभ घातली गो?” तिनं मला विचारलं. गाणीही तिला आवडली, हे तुला सांगायला हवं. शेवट आला. पडद्यावरची पाठ वळली, वाकली. रखमा उठून उभी राहिली.

“ती मी नाय,” ती म्हणाली. “मी पाया नव्हते पडले. मी वर गेल्ते.”

मागचे ओरडले, “खाली बस गो!” ती बसली. पण हसू गेलं होतं.

तेवढ्यावर थांबलं असतं तर तू आणि मी अजूनही चहा पीत वाद घालत बसलो असतो. पण डोळखांबच्या बाजूला तिचं सासर. तिथूनही लोक जत्रेला आले होते. पुढच्याच महिन्यात तिचा सासरा चार माणसं घेऊन पाड्यावर आला. सगळ्यांदेखत म्हणाला, “शिनेमात आलीस ना परत? समद्या तालुक्यानं बघितलं. मंग घरी यायला काय झालं?” माणसं हसली म्हणे. पण हसता हसता त्यांनी माना डोलावल्या. ज्यांनी इतकी वर्षं तिला काही विचारलं नव्हतं, ते आता ‘जा की गो’ म्हणायला लागले.

रखमा तुझ्याकडे आली तेव्हा योगायोगानं मी शहापूरला होते. ती ओटीच्या खालीच उभी राहिली. वर ये म्हटलं तरी आली नाही.

“दादा, तुमी माझं पाऊल खोटं केलं,” ती म्हणाली. “लोकं मला त्याच्याच वाटेवर ढकलतात आता. जुना शिनेमा कुठं हाय? तो दाखवा एकदा समद्यांना.”

मूळ फीत तू स्वतः कापली होतीस. पण दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीनं तू नानाकडे गेलास. त्याच्याकडची जुनी प्रत गोणपाटात बांधलेली होती, बांगडीवाल्याला द्यायला काढलेली. ओरखडे पडलेली, जागोजाग तुटलेली. ती तू छातीशी धरून माझ्या घरी आणलीस आणि मागच्या पडवीत मेज मांडलंस.

तो काळ, दादा, माझ्या आयुष्यातला चांगला काळ होता. तू यायचास, राहायचास. फितीच्या कडा खरवडायच्या, औषध लावायचं, दाबून धरायचं, फुंकर घालायची. बाहेर जगभर लढाई चालू होती. कोरी फीत परवान्याशिवाय मिळत नव्हती, त्यामुळं नवी प्रत काढायचा प्रश्नच नव्हता. जे होतं तेवढंच. शाळा सुटल्यावर मी येऊन बघायची तो तू फितीचा तुकडा खिडकीला धरून म्हणायचास, “यमे, इथं तुझी छत्री आलीय कोपऱ्यात.” ती छत्री तू कापली नाहीस. मीही कापू दिली नसती.

शेवटच्या रिळाशी आलो आणि भांडण पेटलं. सासरा हात जोडतो आणि रखमा त्याच्याकडे बघत राहते, नेमका तोच भाग नानाच्या यंत्रात अडकून कधीकाळी जळून गेला होता. हात जोडलेला नाना आहे आणि एकदम डोंगर चढणारी रखमा आहे. मधलं बघणं नाही.

तू म्हणालास, नव्या बोलपटातल्या त्या बाईचा पाठमोरा तुकडा घालू. फक्त पाठ. वळायच्या आधी कापू. कुणाला कळणार नाही.

“मला कळेल,” मी म्हटलं. “रखमाला कळेल.”

“आणि लोकांना काय दाखवायचं? भोक? हात जोडले की झटक्यात बाई डोंगरावर! हसतील लोक. तिचं जाणंच हास्यास्पद होईल. त्यापेक्षा एवढंसं ठिगळ वाईट का?”

“एकदा ठिगळ लावलंस ना, तेव्हा काय झालं?”

“ते वेगळं होतं. आता मी तिच्या बाजूनं लावतोय.”

आणि मग माझ्या तोंडून ते निघालं. “तुला ती परतच यायला हवी होती, दादा. पहिल्यापासून. बैलांना पाणी दाखवत होतास तेव्हाही.”

तू माझ्याकडे बघितलंस. हातातली पट्टी हळूच खाली ठेवलीस. “यमे, तू सिनेमाबद्दल बोलते आहेस ना?” म्हणालास.

मी उत्तर द्यायच्या आत शाळेची घंटा झाली आणि मी गेले. परत आले तो तू निघून गेला होतास, कसाऱ्याला, रेल्वेतल्या तुझ्या मित्राकडे. दोन्ही तुकडे मेजावर शेजारी शेजारी ठेवून. तिथंच तुला हिवतापानं गाठलं. लढाईमुळं त्यावरचं औषध, कोयनेल, मिळत नव्हतं. तू गेल्याचा निरोप आला तेव्हा मी अजून तुला काय उत्तर द्यायचं ते जुळवत होते.

सुतक फिटल्यावर रखमा भेटायला आली. ओच्यातून नाचणी आणली होती. थोडी रडली, मग म्हणाली, “तो शिनेमा झाला का पुरा?” मी तिला दोन्ही तुकडे दाखवले. तिनं ते उजेडाला धरले, तुझ्यासारखेच. नव्या तुकड्यातली पाठ बघून म्हणाली, “लुगडं माझं, खांदे दुसरीचे.”

“मग काय करू? हा घालू की नको?”

“मला काय इचारता, बाई? भाऊ तुमचा.”

मी घातला नाही. तू जिवंत असतास तर कदाचित तू मला पटवलं असतंस. तू गेलास म्हणून मी जिंकले, आणि असं जिंकणं घशाखाली उतरत नाही.

भाताची झोडणी उरकल्यावर पाड्यावरच्या खळ्यात आम्ही तो दाखवला. नानानं त्याचं जुनं, हातानं फिरवायचं यंत्र आणलं, कारण बोलपटाच्या यंत्रावर मूकपट घातला की माणसं मुंग्यांसारखी पळतात. दिवेलागण झाली तशी पाड्यावरची माणसं आली, गावातलीही आली. ओटीवर गाणी म्हणणारे तेही आले. तुझी गाणी नाहीत म्हटल्यावर थोडे हिरमुसले, पण बसले. मी पडद्याशेजारी बसून पाट्या वाचल्या. माझा आवाज आता जाड झालाय.

डोंगर चढण्याचा शेवटचा भाग मी मुद्दाम जोडला नव्हता. तो वेगळा गुंडाळून ठेवला होता. हात जोडलेल्या नानापाशी फीत संपली आणि पडदा काळा झाला. पुढचा भाग चढवायला नानाला वेळ लागणार होता. मला तेच हवं होतं. पण तू म्हणाला होतास, हसतील.

हसले नाहीत. अंधारात कुणीतरी म्हणालं, “आता ती त्याच्या अंगावर थुकते बघ.”

“थुकत नाय रे, रडते. मी बघितलाय हा मुरबाडला.”

“रडत बिडत नाय. हसली व्हती ती.”

“नाना, तुमी तर समोरच व्हता. काय केलं तिनं?”

“माझी दाढी सुटत होती रे,” नाना यंत्राशी खटपट करत म्हणाला. “मी दाढी सांभाळू की तिला बघू?”

“मंग रखमे, तूच सांग.”

रखमा पुढंच बसली होती. “काय म्हाईत,” ती म्हणाली. “पायात काटा मोडला व्हता, तेवढं आठवतं.”

तेव्हा मात्र खळं हसलं, रखमाही हसली. दादा, ज्या बघण्यासाठी आपण दोघं एकमेकांच्या जिवावर उठलो होतो, ते कुणालाच धड आठवत नव्हतं. प्रत्येकाजवळ आपापलं होतं. मला त्या अंधारात मोठ्यानं रडावंसं वाटलं आणि त्याच वेळी तुला हाक मारून सांगावंसं वाटलं, अरे ऐक, भोक कसं बोलतंय बघ.

मग यंत्राचा दिवा लागला आणि रखमा वर चालू लागली. तरुण रखमा, मोळी डोक्यावर.

तिच्या सासरचं कुणी आलं नव्हतं. हा सिनेमा बघून सासऱ्याचं मन पालटलं, असं लिहायला मला फार आवडलं असतं. पण तुझ्या दुखण्यातच त्यांनी मुलाला दुसरी बायको करून विषय संपवला होता. रखमाला आता न्यायला कुणी येत नाही. त्यात तुझ्या सिनेमाचा वाटा किती, हे मी सांगू शकत नाही.

माणसं उठायला लागली. नाना रिळं गुंडाळत होता. मूल काखेत घेतलेली एक तरुण सून माझ्याजवळ आली. एक-दोन वर्षांत पाड्यावर नांदायला आलेली असावी, मी तिला ओळखत नव्हते.

“बाई, मंग ती जाते कुठं?” तिनं विचारलं. “वर तर नुसतं रान हाय.”

मी पाट्या वाचणारी, म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. तिथं पाटी नव्हती. मी रखमाकडे बघितलं. तिनं मान हलवली. “दादांनी मला सांगितलंच नव्हतं,” ती म्हणाली.

इतकी वर्षं आपण ती परत फिरते की नाही यावर भांडलो. ती जाते कुठं, हे मी तुला एकदाही विचारलं नाही. ती कारवीत दिसेनाशी होईपर्यंत तू दांडा फिरवत होतास, म्हणजे तुला पुढचं काहीतरी दिसत असणार.

त्या सुनेनं थोडा वेळ वाट बघितली. मग मूल दुसऱ्या काखेत घेत स्वतःशीच म्हणाली, “असंल वर तिचं कुणीतरी,” आणि पाड्याकडे निघून गेली.

होतं का रे, दादा?